आहेराची वही आणि प्रश्नचिन्हं

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या गल्लीतली एक मुलगी लॅपटॉप पोटाशी धरून दारात उभी राहिली. आईशी मराठी, वडिलांशी कन्नड आणि पीएच.डी.चा प्रबंध इंग्रजीत. विषय मराठी आणि कन्नड रंगभूमीची देवाणघेवाण. दुसऱ्या दिवशी दुपारी मार्गदर्शकांना प्रत द्यायची होती. ‘‘एन माडोदु री, काका?’’ असं म्हणत तिनं पडदा माझ्याकडे वळवला. जिथं संदर्भाचा आकडा यायचा, तिथं चौकटी कंसात नुसतं प्रश्नचिन्ह! शेवटची संदर्भसूची तर गायबच.

प्रबंध ‘लाटेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत होता. आमच्याकडे विज्ञान शाखेची मुलं ती सर्रास वापरतात, आता भाषेची मुलंही वापरू लागली आहेत. तिची एक रीत आहे आणि ती ठाऊक नसली की हमखास घोळ होतो. पुस्तकांची माहिती एका वेगळ्या फाइलीत असते आणि प्रत्येक पुस्तकाला एक खूणनाव दिलेलं असतं. लाटेक पहिल्यांदा चालवलं की मजकुरात कोणकोणती खूणनावं आली एवढंच ते टिपून ठेवतं. मग ‘बिबटेक’ चालवायचं, ते त्या टिपणावरून सूची तयार करतं. त्यानंतर लाटेक आणखी दोनदा. एकदा सूची प्रबंधात येते, दुसऱ्यांदा आकडे जागेवर बसतात. मुलीनं बिबटेक चालवलंच नव्हतं. ते चालवल्यावर बरीचशी प्रश्नचिन्हं गेली.

बरीचशी, सगळी नाहीत. अशा वेळी बिबटेकनं लिहिलेली नोंदफाइल उघडून वाचावी. मुलं ती वाचत नाहीत, कारण ती रागावल्यासारखी दिसते. पण दोष कुठं आहे ते तीच सांगते. एके ठिकाणी मजकुरात खूणनाव ‘बेंद्रे’ होतं आणि फाइलीत ‘बेंदरे’. माणूस समजून घेतो, यंत्र घेत नाही. दुसरीकडे एका ओळीच्या शेवटचा स्वल्पविराम राहिला होता, म्हणून त्या नोंदीचा पुढचा भाग यंत्रानं सोडून दिला होता. तिसरीकडे तीन सहलेखकांच्या मध्ये स्वल्पविराम दिले होते. तिथं इंग्रजी ‘अँड’ हवा. उलट एका संस्थेच्या नावातच ‘अँड’ होता, तर यंत्रानं त्या संस्थेचे दोन लेखक करून टाकले! असं नाव दुहेरी महिरपी कंसात ठेवावं. इंग्रजी शीर्षकातल्या ‘कन्नड’, ‘मराठी’ या शब्दांचं पहिलं मोठं अक्षर काही शैलींत लहान होतं. त्यांनाही महिरपी कंसाचं संरक्षण लागतं.

पण खरी गंमत आपल्या भागातल्या नावांची. मराठीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. द. रा. बेंद्रे म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, तिथं अडचण नाही. कुवेंपु मात्र कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा. कुप्पळी हे गाव, वेंकटप्पा वडील आणि पुट्टप्पा त्यांचं स्वतःचं नाव. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं यंत्र धरतं आणि सूचीत ‘पुट्टप्पा’ येतं. ते चालतं. घोटाळा होतो तो एकाच लेखकाला एकदा ‘कुवेंपु’ आणि एकदा ‘पुट्टप्पा’ लिहिलं की. मग सूचीत त्यांची दोन माणसं होतात. एक रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

जुन्या मराठी पुस्तकांवर शकाचं साल असतं. मुलीनं शके १८०२ तसंच साल म्हणून भरलं होतं, त्यामुळे ते पुस्तक कालक्रमात पाऊणशे वर्षं मागं गेलं. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. म्हणजे हे १८८० साल, आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं ते. सालाचे आकडेही त्या रकान्यात इंग्रजीच घालावेत.

मूळ लिपीतली नावं द्यायची असतील तर जुन्या बिबटेकला देवनागरी आणि कन्नडचा क्रम कळत नाही. नावाचं आद्याक्षर काढताना तर ते अक्षर अर्ध्यातच तोडतं. त्यासाठी ‘बायबर’ वापरावं. आणि मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी किंवा कन्नड दिसतो, यंत्राला मात्र तो इंग्रजी चिन्हांचा ढीग असतो.

साडेबाराला शेवटचं प्रश्नचिन्ह गेलं. मुलगी यादी खालपर्यंत वाचत गेली आणि थबकली. ‘‘काका, अज्जीची मुलाखत आली नाही हो.’’ अज्जीनं लहानपणी पाहिलेल्या कंपनी नाटकांच्या आठवणी हिनं टिपून घेतल्या होत्या. फाइलीत नोंद होती, स्वल्पविरामसुद्धा ठीक होते. मग? मी विचारलं, ‘‘प्रबंधात तिचा उल्लेख कुठं केलायस?’’ मुलगी गप्प. मजकुरात ज्याचं नाव घेतलं नाही त्याला हे यंत्र सूचीत घेत नाही. तिसऱ्या प्रकरणातली चार पानं अज्जीच्या आठवणींवर उभी होती आणि अज्जीचं नाव एकदाही नव्हतं. ही चूक यंत्राची नव्हती.

आपल्या घरांत लग्नानंतर आहेराची वही जपून ठेवतात. कन्नडात ‘मुय्यि’ म्हणतात, मिळालेलं पुढं परत करायचं. संदर्भसूची ही तशीच वही. कर्कीच्या यक्षगान मंडळींचा खेळ पाहून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. मराठी रंगभूमीनं पहिला आहेर कन्नड अंगणातून घेतला आहे. त्या मंडळींतल्या किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील?

मुलीनं चारही पानांवर खूणनाव घातलं. लाटेक एकदा, बिबटेक एकदा, मग लाटेक पुन्हा दोनदा. यादीत अज्जी आली, पूर्ण नावानिशी.