आधी खाली आणा, मग झाडा

हिवाळा आला की एक बातमी ठरलेली असते. अमुक गडावर कॉलेजची मुलं अडकली, रात्रभर कुडकुडली, सकाळी गावकऱ्यांनी खाली आणली. मग ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग घेता घेता आपली चर्चाही ठरलेली. "कशाला कडमडायला गेले होते? सगळा खर्च यांच्याकडूनच वसूल केला पाहिजे!"

माझं मत याच्या बरोब्बर उलटं आहे. का ते सांगतो.

मी मूळचा वाशिमचा. आमच्याकडे डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेची शेपटी आणि बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. थंडी पडली की मफलर गुंडाळायचा, शेकोटीला बसायचं, विषय संपला. असा मुलगा इंजिनीअर होऊन पुण्याला येतो आणि चौथ्या वीकेंडला टीममधलं कुणीतरी म्हणतं, "चल, कळसूबाई नाइट ट्रेक." हा जीन्स आणि कॉटनचा टी-शर्ट घालून निघतो. त्याला कोण सांगणार, की हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं? की घामाने भिजलेला कॉटनचा कपडा माथ्यावरच्या वाऱ्यात अंगातली ऊब ओढून नेतो? हे डिग्रीत शिकवत नाहीत आणि आईच्या पोटातून कुणी शिकून येत नाही.

आणि थंडीने जीव जायला बर्फच लागतो असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याचा सहा जणांचा ग्रुप धुक्यात आणि पावसात वाट चुकला. रात्र जंगलात काढावी लागली, आणि त्यातला एक जण गारठ्याने गेला. गडाची उंची १४२४ मीटर. बर्फाचा कण नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की माणूस बिघडायला लागतो. त्याला ना महिना कळतो, ना नकाशा.

बरं, हे फक्त नवशिक्यांचं होतं असंही नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर बहुतेक कर्नाटकातल्या ट्रेकर्सचा २२ जणांचा ग्रुप बर्फाच्या वादळात सापडला आणि नऊ जण दगावले. त्यांच्यात वर्षानुवर्षं ट्रेक केलेली माणसं होती. तेव्हा 'तयारी नव्हती' हा शिक्का मारणं सोपं असतं. घरात बसून तर फारच सोपं.

आता खर्च वसुलीचं. ऐकायला न्याय वाटतो, पण जरा पुढे विचार करा. अंधार पडलाय, मित्र थरथरतोय, मोबाइलवर एकच काडी रेंज आहे. अशा वेळी डोक्यात 'दंड किती बसेल, पेपरात नाव येईल, बाबा काय म्हणतील' हे आलं, तर मुलं फोन करतील का? नाही करणार. 'बघू, सकाळपर्यंत काढू' म्हणतील. थंडी नेमकी त्याच तासांत मारते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्य निष्काळजी ट्रेकरला बिल लावू शकतं. उलट कोलोरॅडोतली बचाव पथकं पैसे घेत नाहीत, आणि त्यांचं कारण हेच आहे: बिलाच्या भीतीने लोक उशिरा फोन करतात. मला कोलोरॅडोवाल्यांचं पटतं.

आपल्याकडेही महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र आहे. आमच्या वाशिमच्या शेजारी अकोला जिल्ह्यात पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक आहे. ही नोकरी-धंदा सांभाळून धावणारी माणसं. 'ते जीव धोक्यात का घालतील?' हा प्रश्न अगदी खरा आहे. पण त्यांचा धोका कमी करायचा तर फोन लवकर गेला पाहिजे. संध्याकाळी सहाचा फोन आणि रात्री दोनचा फोन यांत त्यांच्याही जिवाचा फरक आहे.

शिवाय पथक येईपर्यंत तिथे असतो कोण? तुम्ही-आम्ही. कळसूबाईच्या वाटेवर मी पाहिलंय. एक मुलगा चालताना अडखळत होता, बोलणं जड झालेलं, बाटलीचं झाकण उघडत नव्हतं आणि वर उगाच चिडत होता. ही गारठ्याची लक्षणं. आमच्यातल्या एकाने तिथेच लेक्चर सुरू केलं. टपरीवाल्या मामांनी मात्र एक शब्द न बोलता त्याला आडोशाला घेतलं, ओला शर्ट काढायला लावला, खाली पोतं टाकलं, अंगावर घोंगडी टाकली आणि गोड चहा हातात दिला. अर्ध्या तासाने पोरगं माणसात आलं. मग मामा म्हणाले, "आता वर नाही जायचं, दादा. खाली."

झालं. सगळं शास्त्र यात आलं. वाऱ्यापासून आडोसा, ओलं काढून कोरडं, अंग आणि जमीन यांच्यामध्ये काहीतरी, डोक्याला टोपी. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गरम आणि गोड. दारू अजिबात नाही, हातपाय चोळणं नाही, एकट्याला सोडणं नाही. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला, तर तो बरा झालेला नाही, जास्त बिघडलाय. मग चालवू नका, लगेच ११२ लावा.

आपल्या धंद्यात सर्व्हर पडला की आधी तो उभा करतो. कोड कोणी लिहिला होता हे नंतरच्या मीटिंगमध्ये, आणि तेही कुणाला फाडून न खाता. डोंगरावर हीच पद्धत हवी. वाशिम जिल्ह्यातून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, तेव्हा भिजलेल्या वारकऱ्याला कुणी 'छत्री का नाही आणली?' विचारत नाही. आधी पाट मांडतात.

असो. झाडायचंच असेल तर खाली आल्यावर, चहा पिताना, मनसोक्त झाडा. आणि पुढच्या ट्रेकला सॅकमध्ये एक कोरडा जास्तीचा टी-शर्ट आणि एक कानटोपी टाका. तुम्हाला नाही लागली, तर वाटेत कुणाला तरी लागेल.