आभासी भूमीची मोजणी

गेवराई तालुक्यातील चकलांब्याहून एका वृद्ध सद्गृहस्थांनी पृच्छा केली आहे की, पुण्यास शिकणारा त्यांचा नातू संगणकावरील आभासी जगात जमीन घेण्याच्या गोष्टी बोलतो. ती जमीन मोजतात तरी कशी? प्रश्न आम्हांस मार्मिक वाटला.

‘सेकंड लाइफ’ नामक असले एक जग सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीने २००३ साली खुले केले. तेथील भूमीचा एक खंड २५६ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. एकूण चौरस मीटर ६५,५३६. आमच्या हिशेबाने १६ एकर व वर सुमारे ८ गुंठे. लहानात लहान तुकडा १६ चौरस मीटरांचा, म्हणजे गुंठ्यातील अवघे अडीच आणे! ‘डिसेंट्रालँड’ या दुसऱ्या जगात प्रत्येक तुकडा १६ मीटर चौरस, सुमारे अडीच गुंठ्यांचा. सगळे आकडे दुपटीच्या पाढ्यातले, कारण यंत्रास तीच गणती सोयीची पडते. आमचा गुंठा मात्र ३३ फुटी साखळीतून निघाला.

या भूमीत बांध कोरणारा शेजारी नाही आणि ओढ्याने खाल्लेला कोपराही नाही. मग मोजतात ते काय? मोजतात ती यंत्राची शक्ती. ‘सेकंड लाइफ’मधील अख्ख्या खंडावर पूर्वी १५,००० वस्तूच मांडता येत, जितका तुकडा, तितका त्यातील वाटा. शिवाय मोठ्या धारकास दरमहा शुल्क भरावे लागते. त्यास सारा म्हणावयास आमची हरकत नाही.

खरी मेख मालकीत आहे. या भूमीस सातबारा नाही. ‘सेकंड लाइफ’ची नोंदवही कंपनीच्याच घरी. निजामी अमलातील जहागिरी १९४९ साली नाहीशा झाल्या, त्या बीडच्या लोकांस जहागिरदाराच्या मर्जीवर जमीन राखणे म्हणजे काय, हे सांगणे नको. पेनसिल्व्हेनियातील मार्क ब्रॅग या वकिलाने लिलावातील एका फटीचा लाभ घेऊन ‘सेकंड लाइफ’मध्ये ३०० डॉलरांस जमीन घेतली, तेव्हा कंपनीने त्याचे खातेच गोठविले. जमीन धारकाच्या मालकीची, असा गाजावाजा तिनेच केला होता! तंटा लवादापुढेच न्यावा, हे करारातील कलम न्यायालयाने २००७ साली अन्याय्य ठरविले; पुढे त्याच वर्षी उभयतांनी आपसांत तडजोड केली.

तेव्हा नातवाने पैसे मोजण्यापूर्वी करारपत्रातील मालकीचे कलम आजोबांस मराठीत वाचून दाखवावे, इतकी आमची विनंती.