सायनाइड ‘आढळले नाही’, पण तपासले कसे?

काही महिन्यांपूर्वी प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की दुपारपासून पुन्हा सुरू. मी कामाच्या जागेविषयी खोदून विचारले, तेव्हा पुढच्या खेपेला तो मालकाने दिलेला एक कागद घेऊन आला. सांडपाण्याचा तपासणी अहवाल होता. सायनाइडच्या रकान्यात लिहिले होते, ‘आढळले नाही’.

“डॉक्टर, म्हणजे मला त्याचा त्रास नाही ना?”

पाण्याचा नमुना कोणी घेतला, असे मी विचारले. तो म्हणाला, “मीच भरला. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. दोन दिवसांनी माणूस येऊन घेऊन गेला.”

त्याची लक्षणे सायनाइडचीच होती, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. डोकेदुखीला अनेक कारणे असतात. पण त्या कागदावर विसंबून ‘सायनाइड नाही’ असेही मला म्हणता येईना. का, ते आज समजून घेऊ.

प्लेटिंगमध्ये सायनाइड कशाला?

चांदी, सोने, तांबे, पितळ किंवा जस्ताचा मुलामा एकसारखा आणि घट्ट बसावा म्हणून अनेक ठिकाणी सोडियम किंवा पोटॅशियम सायनाइडचे द्रावण वापरतात. टाकीतून काढलेला माल धुतला की ते थोडे थोडे धुवणाच्या पाण्यात उतरते. आपल्याकडे असे पाणी नाल्यात किंवा नदीत सोडायचे असेल, तर त्यात लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सायनाइड असता कामा नये, असा नियम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 0.05 मिलिग्रॅम आहे.

शरीरात काय होते?

सायनाइड पेशींमधल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला जखडते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही. म्हणूनच अशा रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा बहुधा चांगला दिसतो. त्यावर विसंबू नये.

थोड्या प्रमाणातले सायनाइड यकृत थायोसायनेटमध्ये बदलते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. पण रोज थोडे थोडे शरीरात जात राहिले, तर हेच थायोसायनेट थायरॉइड ग्रंथीला आयोडिन मिळण्यात अडथळा आणते. 1975 साली इजिप्तमधील 36 प्लेटिंग कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील 20 जणांची थायरॉइड ग्रंथी वाढलेली आढळली होती.

बाटलीत काय बिघडते?

सायनाइड पाण्यात स्थिर राहते ते पाणी चांगले अल्कधर्मी असेल तरच. पीएच 7 च्या आसपास आला की मोकळे सायनाइड जवळजवळ सगळे हायड्रोजन सायनाइडच्या रूपात जाते. हा पदार्थ सुमारे 26 अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे हवेत निसटायला त्याला वेळ लागत नाही. म्हणून नमुना घेताक्षणी त्यात कॉस्टिक सोडा घालून पीएच 12 च्या वर न्यावा लागतो. बाटली थंड आणि अंधारात ठेवावी लागते. प्रक्रियेनंतर पाण्यात क्लोरीन उरले असेल, तर तेही आधी काढावे लागते, नाहीतर ते बाटलीतच सायनाइड नष्ट करत राहते.

यातले काहीच केले नाही, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, तिच्या हाती पोहोचते ते उरलेसुरले पाणी. अहवाल खोटा नसतो, पण तो वेगळ्याच पाण्याचा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणते सायनाइड मोजले? मोकळे सायनाइड झटपट पट्टीवर कळते. पण लोखंडासारख्या धातूला घट्ट बांधलेले सायनाइड पट्टीला दिसत नाही, नेहमीच्या क्लोरीन प्रक्रियेलाही ते दाद देत नाही आणि पुढे उन्हात त्यातून मोकळे सायनाइड सुटू शकते. ते पकडायचे तर नमुना आम्लासोबत उकळून, निघालेला वायू कॉस्टिकमध्ये शोषून ‘एकूण सायनाइड’ मोजावे लागते.

माझे मत

महिन्यातून एकदा फायलीसाठी केलेली तपासणी पुरेशी नाही. प्रत्येक अहवालावर नमुना कोणी, कधी, कुठून घेतला, कॉस्टिक घातले होते का, आणि ‘मोकळे’ की ‘एकूण’ सायनाइड मोजले, हे छापलेले असावे. नमुना घेण्याचे काम त्याच टाकीवर राबणाऱ्या, प्रशिक्षण नसलेल्या मुलावर सोपवू नये. पाणी सोडण्यापूर्वी रोज पट्टीने तपासावे आणि ठरावीक काळाने प्रयोगशाळेतून एकूण सायनाइड तपासून घ्यावे. जास्तीचे पाणी ओतून आकडा खाली आणणे ही तर निव्वळ फसवणूक आहे. त्यामुळे नाल्यात जाणारे विष एका ग्रॅमनेही कमी होत नाही.

लहान वर्कशॉपला हा खर्च जड जातो, हे मला ठाऊक आहे. पण त्यावर उपाय म्हणजे औद्योगिक वसाहतीने मिळून नमुना घेण्याची सोय करणे. तपासणीचे नाटक करणे हा उपाय नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, सांडपाण्याचा अहवाल कामगार श्वासातून काय घेतो ते सांगत नाही. त्यासाठी हवेची तपासणी, टाकीवर एक्झॉस्ट आणि कामगारांची नियमित तपासणी हवी.

तुम्ही किंवा घरातले कोणी असे काम करत असाल तर

* आम्लाचे आणि सायनाइडचे सांडपाणी एकत्र येऊ देऊ नका. त्यातून जीवघेणा वायू निघतो.
* कडू बदामासारखा वास येईल, यावर विसंबू नका. तो वास अनेकांना येतच नाही.
* कोणी टाकीजवळ कोसळले, तर संरक्षक साधनांशिवाय आत धावू नका. बाहेर काढल्यावर तोंडाने श्वास देऊ नका आणि रुग्णालयात ‘सायनाइड’ हा शब्द स्पष्ट सांगा. प्रतिविष असते, पण ते वेळेत द्यावे लागते.
* जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते ठेवलेले असते, याची चौकशी आजच करून ठेवा.

त्या तरुणाने माझ्या सांगण्यावरून पॅकिंगचे काम मागून घेतले. डोकेदुखी बरीच कमी झाली आहे. टाकीवर आता दुसरा मुलगा उभा राहतो, आणि पुढच्या महिन्याची बाटली तोच भरणार आहे.