पोखरणचा आकडा आणि खडकातल्या भेगा

११ मे १९९८, दुपारी पावणेचार. पोखरणच्या वाळूखाली एकाच वेळी तीन स्फोट झाले आणि जवळच्या खेतोलाई गावात घरांच्या भिंतींना तडे गेले. भारताने त्यातल्या हायड्रोजन बॉम्बची क्षमता सुमारे ४५ किलोटन सांगितली. परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी दूरवर नोंदलेल्या कंपनांच्या आलेखांवरून तिन्ही स्फोटांची मिळूनही त्याहून बरीच कमी काढली. २००९ मध्ये चाचणीत सहभागी असलेल्या के. संथानम यांनीही जाहीर शंका घेतली. तेव्हापासून वाद देशप्रेमाच्या अंगणात गेला. खरे तर तो खडकाचा आहे.

कागदावर गणित सोपे. स्फोट चहूबाजूंना सारखेच ढकलतो, म्हणजे निघायला हव्यात फक्त दाबाच्या लहरी. आडवा हिसका देणाऱ्या कर्तन लहरी भूकंपाच्या, कारण तिथे खडक भ्रंशावर सरकतो. चाचणी की भूकंप, हे ओळखताना हाच फरक कामी येतो.

पण दगड अखंड नसतो. खाणीत सुरुंग लावणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: दगड फुटतो तो जुन्या भेगेवरून. अमेरिकेत नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये २०११ ते २०१६ या काळात रासायनिक स्फोटकांचे सहा स्फोट केले गेले, तेव्हा भोवतीच्या यंत्रांवर कर्तन लहरी उमटल्याच. दाब येताच भेगांच्या कडा एकमेकींवर घासत सरकतात. खडकात आधीचा ताण साठलेला असेल तर तोही सुटतो.

क्षमता काढतात ती लहरींच्या जोरावरून; मग जागेने त्या जोरात किती फरक पडावा? मिसिसिपीतल्या मिठाच्या घुमटात १९६४ मध्ये ५.३ किलोटनचा स्फोट झाला. त्यानेच पाडलेल्या पोकळीत १९६६ मध्ये ०.३८ किलोटनचा दुसरा केला, तर त्याच्या लहरी घट्ट मिठातल्या तेवढ्याच स्फोटाच्या मानाने सुमारे सत्तरपट क्षीण निघाल्या! सच्छिद्र, कोरड्या थरातही बरीच ऊर्जा छिद्रे चेपण्यातच जाते.

म्हणून हजारो किलोमीटरवरच्या आलेखातून काढलेला आकडा ब्रह्मवाक्य नव्हे. भारतीय शास्त्रज्ञांनी एकाच वेळच्या स्फोटांच्या लहरी एकमेकींत मिसळल्याचा मुद्दा मांडला, तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हेही उत्तर नव्हे. पोखरणचा खडक, त्यातल्या भेगा आणि स्फोटाजवळची मूळ कंपने सरकारच्या हाती आहेत. पाव शतक उलटून गेले. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्या नोंदी आता अभ्यासकांसाठी पूर्ण खुल्या कराव्यात.