लहान आहे, पण हळू नाही

पॉकेट ट्रम्पेटचा फोटो पाहिला की कुणीही प्रेमात पडेल. वीतभर लांबीचं, पितळी, सॅकमध्ये टाकलं की विसरून जावं असं. हॉस्टेलच्या कपाटात मावेल, लोकलच्या गर्दीत कुणाच्या बरगडीत घुसणार नाही. त्यात डोक्यात जॅझ भिनलेलं असेल तर मग विचारूच नका, बोट आपोआप 'बाय नाऊ'कडे जातं. जरा थांबा राव.

एक गैरसमज आधीच मोडू. आकार लहान म्हणून आवाज लहान, असं काही नसतं. साध्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सरळ केली तर साधारण साडेचार फूट भरते आणि पॉकेट ट्रम्पेटचीही तेवढीच. फक्त वेटोळी जास्त घट्ट. त्यामुळे सूरही तोच, आपल्या भाषेत काळी पाच. एकही व्हॉल्व न दाबता नुसत्या ओठांच्या ताणावर सा, प, वरचा सा, ग, प निघतात. मधल्या जागा तीन व्हॉल्व भरून काढतात. म्हणजे मेहनत पूर्ण आकाराची आणि शेजाऱ्यांची तक्रारही पूर्ण आकाराची! रूममेटची झोप वाचवायची असेल तर प्रॅक्टिस म्यूट लागेलच. तोही बेलच्या मापाचा बघून घ्या, कारण बऱ्याच पॉकेट ट्रम्पेटची बेल लहान असते आणि नेहमीचे म्यूट तिच्यात नीट बसत नाहीत.

मग जॅझवाल्यांना हे वाद्य सुचलं कसं? याचं उत्तर म्हणजे डॉन चेरी. नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात ऑर्नेट कोलमनची चौकडी वाजवायला उभी राहिली. एकाच्या हाती प्लास्टिकचा सॅक्सोफोन, दुसऱ्याच्या हाती खेळण्यासारखं दिसणारं ट्रम्पेट. ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. कुणाला हे भविष्य वाटलं, कुणाला थट्टा. चेरीचं त्या काळातलं पॉकेट ट्रम्पेट पाकिस्तानी बनावटीचं होतं, फार महागामोलाचं नव्हे. त्याचा किंचित पातळ, थोडा वाकडा, बोलल्यासारखा स्वर त्या संगीताला चपखल बसला, कारण ते संगीतच ठरलेल्या कॉर्डच्या चौकटीबाहेर पडू पाहत होतं. पण हे लक्षात घ्या की चेरी आधीच तयारीचा वादक होता. त्याच्या हातात वाद्याचा वाकडेपणा शैली झाला. नवशिक्याच्या हातात तो नुसता बेसूरपणा राहतो, आणि चूक आपली की वाद्याची हेच कळत नाही. सहा महिन्यांत ट्रम्पेट माळ्यावर जातं आणि 'आपल्याला जमत नाही' हा शिक्का मात्र डोक्यात राहतो. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पहिलं वाद्य म्हणून साधं ट्रम्पेट किंवा कॉर्नेट घ्या, सेकंडहँड मिळालं तरी चालेल. कॉर्नेट मुळातच आटोपशीर असतं आणि जॅझमध्ये त्याचा मान ट्रम्पेटच्याही आधीचा. लुई आर्मस्ट्राँगची सुरुवात कॉर्नेटवरच झाली. पॉकेट ट्रम्पेट हे दुसरं वाद्य, प्रवासात ओठांची सवय टिकवायला आणि कधी स्टेजवर वेगळा रंग भरायला.

आणि हे सगळं शिकायला न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. आपल्याकडे ट्रम्पेटची परंपरा आहे. 'अलबेला' (१९५१) काढून ऐका. सी. रामचंद्र यांच्या त्या संगीतामागे चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवादकाचा हात आहे. हॉटेलांच्या डान्सफ्लोअरवरून हे वादक सिनेमाच्या स्टुडिओत आले आणि सोबत जॅझचा स्विंग घेऊन आले. आज तुमच्या गावच्या लग्नाच्या बँडमध्ये जो काका ट्रम्पेट फुंकतो, त्याला व्हॉल्वला तेल कधी घालायचं हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं माहीत असतं. सीझन संपल्यावर त्याला गाठा, चहा पाजा.

तरीही पॉकेटच हवं असेल तर दुकानात जाऊनच घ्या. नेहमीच्या ट्रम्पेटचा माउथपीस त्यात बसतो ना, हे पहिलं बघा. मग एकेक व्हॉल्व दाबून सोडा. अडखळला तर खाली ठेवा. एखादी स्लाइड, तिचा व्हॉल्व न दाबता, थोडी बाहेर ओढा आणि मग व्हॉल्व दाबा. 'पॉप' असा आवाज आला तर हवा गळत नाही. तिसरी स्लाइड वाजवताना बोटाने सरकवता येते का तपासा, कारण पहिला आणि तिसरा व्हॉल्व एकत्र दाबला की सूर चढतो आणि तो तिनेच उतरवावा लागतो. स्वस्त पॉकेट ट्रम्पेटमध्ये नेमकी हीच सरकत नाही. शेवटी मोबाइलवर ट्यूनर लावून एक सप्तक वाजवा. 'वाजवून बघता येणार नाही' असं दुकानदार म्हणाला तर दुकान बदला.