पोरांना भाषण नको, काम द्या

आज पिकाचं नाही, शाळेचं लिहितोय. काहींना झोंबेल, पण लिहितो.

५ जूनला पर्यावरण दिन असतो. त्या दिवशी आपल्याकडच्या शाळांना सुट्टी. जूनच्या मध्याला शाळा भरली की एक दिवस ठरतो, पाहुणे येतात, एका रोपाला दहा हात लागतात, फोटो निघतो. २०१९ ला राज्यानं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा अशा एका फोटोत मीही होतो. कुंपण नव्हतं. महिन्याभरात शेळ्यांनी शेंडा खाल्ला. पोरं त्यातून काय शिकली? फोटो झाला की काम संपलं, एवढंच.

शाळेत पर्यावरण शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच सांगितलंय. विषय आला, पण पुस्तकात आला. हाताला माती लागली नाही.

आता दोष माझा. नातू तिसरीत. धुरानं हवा खराब होते, असं त्यानं परिसर अभ्यासाच्या वहीत लिहिलं. त्याच आठवड्यात मी उसाचं पाचट पेटवलं. तो बांधावरून म्हणाला, "आबा, मग मी लिहिलंय ते खोटं का?" मला उत्तर देता आलं नाही. कारखान्याच्या गावात उसाचा फड पेटलेला पोरं दर हंगामात बघतात. त्यांनी वहीवर विश्वास ठेवायचा का आपल्यावर?

यंदा एक एकर पाचट ठेवलं. एकरी तीन-चार टन निघतं. कुट्टी केली, टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकलं. नातवाला सोबत घेतलं. जळालेल्या रानातलं एक सुकं ढेकूळ आणि बरीच वर्षं पाचट ठेवणाऱ्या शेजाऱ्याच्या रानातलं एक, दोन्ही पाण्याच्या ग्लासात सोडली. माझं लगेच विरघळलं, पाणी गढूळ. त्याचं बराच वेळ टिकून राहिलं. पोराला भाषण द्यावं लागलं नाही. मलाही नाही.

गुरुजी, बाई, हे शाळेत करा. खर्च नाही. दोन झाडांची आळी करा, एकात पाचट अंथरा, दुसरं उघडं ठेवा. दोन्हीला सारखंच पाणी घाला. चार दिवसांनी पोरांना बोट खुपसून ओल बघू द्या. पोषण आहारानंतर हात-ताटं धुतलेलं पाणी परसबागेला वळवा, चर पोरांना काढू द्या. आणि झाडं शंभर नकोत, दहाच लावा. पण पर्जन्यछायेतल्या आपल्या पाटसला दोन उन्हाळे निभावतील अशी पाळी लावा. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालायला शाळेजवळच्या घरातलं पोर आणि त्याचा बाप, दोघांची नावं फळ्यावर लिहा.

पालक म्हणतील, आमच्या पोराला माती उपसायला शाळेत घातलंय का? अहो, तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा नेली. पोरांच्या कामातूनच शिकवलं. दिवसभर राबवायला मीही सांगत नाही. आठवड्यातला एक तास मागतोय. पोर्शन राहील म्हणता? ओल मोजणं हे विज्ञान आहे, नोंद लिहिणं ही भाषा आहे, पाण्याच्या तांब्यांचा हिशोब म्हणजे गणित आहे.

आपल्याकडून मात्र एक पाहिजे. शाळेत पाचट अंथरायला सांगायचं आणि घरी काडी लावायची, हे चालणार नाही. पोरं बांधावर उभी राहून बघतात.

शाळेला लागेल तेवढं पाचट माझ्या रानातून न्या. ट्रॉली मी भरून देतो. रोपापाशी फोटो काढायला मात्र मला बोलवू नका. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर बोलवा, सावलीत बसायला येतो.