जुगाडाखाली सही हवी

'जगातलं सगळ्यात महागडं तिकीट' म्हटलं की आपल्याला दिवाळीतलं रेल्वेचं तत्काळ आठवतं! पण १८५६ सालचं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं टपाल तिकीट २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ८३ लाख डॉलरला गेलं. म्हणजे साधारण ६० कोटी रुपये! दिसायला अगदीच सुमार. किरमिजी कागद, कोपरे कापलेले, वर शिक्क्याची शाई.

हे तिकीट म्हणजे शुद्ध जुगाड. तिकिटं लंडनहून छापून यायची. ती वेळेवर आली नाहीत, साठा संपत आला. मग पोस्टमास्तर डाल्टन यांनी जॉर्जटाऊनच्याच एका छापखान्यातून कामचलाऊ तिकिटं काढून घेतली. छपाई अशी, की कोणीही नक्कल करावी. म्हणून विकणाऱ्या कारकुनाने प्रत्येक तिकिटावर आपली आद्याक्षरं घालायची असं ठरलं. आज उरलेल्या त्या एकमेव तिकिटावर 'ई. डी. डब्ल्यू.' ही अक्षरं अजून दिसतात.

बर्म्युडातही तेच. हॅमिल्टनमध्ये लोक पोस्ट बंद असताना पेटीत पत्रं आणि सुटे पैसे टाकायचे. मोजायला जावं तर पैसे कमी! १८४८ मध्ये पोस्टमास्तर पेरो यांनी आपल्याच शिक्क्याची तिकिटं बनवली आणि प्रत्येकावर 'एक पेनी' लिहून सही ठोकली.

माझा मुद्दा या सहीचा आहे. जुगाड आपणही करतो, आणि वर मिरवतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार, गीझरच्या उघड्या वायरला टेप. कोणी केलं? "आधीच्या बॅचने." कधी? "माहीत नाही." तात्पुरती तार वर्षानुवर्षं तशीच राहते. एखाद्याला शॉक बसला की मग चौकशी. जुगाड वाईट नाही, निनावी जुगाड वाईट.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक तात्पुरत्या दुरुस्तीवर एक चिठ्ठी लावावी: काय केलं, कोणी, कोणत्या तारखेला. "उद्या अंगाशी येईल" असं वाटत असेल तर ते काम करूच नये. आणि स्टाफलाही नम्र विनंती, सही करणाऱ्याला आधी दंड लावू नका, आधी पक्की दुरुस्ती करा. नाहीतर पुढच्या वेळी सही कोण करणार?

आपल्या चिठ्ठीला ६० कोटी मिळणार नाहीत. पण गीझर चालू करताना हात तरी कचरणार नाही.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी